रायपूरचे चित्रसंकलन आणि संगणकाची स्मृती

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रायपूर लागते. एके काळी हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते, आणि पुढे मध्य प्रांताचा भाग म्हणून १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपुराहूनच चाले. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबईकडे गेले, रायपूर भोपाळकडे. कारभाराची वाट अशी बदलली. चित्रांची वाट मात्र पुष्कळ वर्षे बदलली नाही. छत्तीसगढी भाषेतील पहिला चित्रपट ‘कहि देबे संदेस’ १९६५ साली प्रदर्शित झाला. त्याचे निर्माते-दिग्दर्शक मनू नायक हे मुंबईच्या चित्रसृष्टीत काम शिकलेले गृहस्थ. चित्रण रायपूरजवळच्या पलारी गावी झाले, आणि गाण्यांसाठी आवाज लाभला महंमद रफी यांचा. गाव, बोली आणि माणसे छत्तीसगढची असली, तरी चित्रफीत धुणे, कापणे आणि जोडणे यांची साधने त्या काळी महानगरांतच होती.

दहा वर्षांनी रायपुरास दूरचित्रवाणीचे दर्शन घडले, तेही थेट आकाशातून. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या नावाने ओळखला गेलेला उपग्रह-प्रयोग झाला. सहा राज्यांतील २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती आणि रायपूरचा परिसर हा मध्य प्रदेशातील त्याचा विभाग होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या अँटेना खेड्यांत उभ्या राहिल्या. सकाळी दीड तास मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम होत. परंतु हे कार्यक्रम तयार होत ते दिल्ली, कटक आणि हैदराबाद येथील निर्मितीकेंद्रांत. १९७७ साली रायपुरास स्वतःचे प्रक्षेपणयंत्र मिळाले. तरी प्रक्षेपण करता येणे निराळे आणि चित्र कोठे तोडावे, कोठे जोडावे हे ठरविता येणे निराळे.

हे ठरविण्याचे सामर्थ्य लहान शहराच्या हाती आले ते संगणकामुळे. त्याआधी चित्रफितीवरचे काम एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवून घेत करावे लागे. विवाहाच्या फितीत मध्येच वरमाईचे दर्शन राहून गेले असे ध्यानात आले, म्हणजे तेथून पुढचे सारे पुन्हा उतरविणे प्राप्त होते. संगणकात चित्रे हार्ड डिस्कवर असतात; क्रम बदलावयाचा तर केवळ यादी बदलते. व्यवसायातील मंडळी या कामाला ‘मिक्सिंग’ म्हणत आली, आणि मिक्सिंगचा संगणक हा शब्द रूढ झाला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले. त्याच वर्षी सतीश जैन यांचा ‘मोर छंइहा भुंइया’ पडद्यावर आला आणि त्याच्या यशानंतर रायपुरात चित्रपट व गीतांच्या चित्रफिती यांचा धंदा वाढीस लागला. नेमक्या याच वेळी स्वस्तातल्या संगणकात किती स्मृती घालावी आणि त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चढवावी, हा प्रश्न लहान पुंजीच्या धंदेवाल्याला पडू लागला.

प्रश्न किती बिकट होता हे एका हिशेबावरून दिसेल. आपल्याकडील जुन्या दूरचित्रवाणीचे एक चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरले तर एका चित्राला १२,४४,१६० बाइट लागतात, आणि सेकंदाला अशी २५ चित्रे जातात. २००० सालच्या सुमारास १२८ मेगाबाइट रॅमचे यंत्र चांगले समजले जाई. ती सारी स्मृती चित्रांनाच दिली तरी १०७ चित्रे मावतील, म्हणजे सव्वाचार सेकंदांचा खेळ. म्हणून कॅमेरा चित्रे दाबून बसवी, आणि संगणक लागेल तेवढीच उलगडून स्मृतीत घेई. बाकीची डिस्कवर वाट पाहत. स्मृती कमी पडली की ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कचाच काही भाग स्मृती म्हणून वापरू लागते. डिस्क ही रॅमच्या मानाने अतिशय मंद, तेव्हा यंत्र अडखळू लागते. धंदेवाला दोष देतो तो कॅमेऱ्याला.

येथे रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे दोन निराळे प्रश्न नसून एकच प्रश्न आहे, हे पुष्कळांच्या उशिरा लक्षात आले. विंडोज ९८ मध्ये ५१२ मेगाबाइटांहून अधिक रॅम घातली, तर यंत्र उलट ‘स्मृती पुरत नाही’ अशी तक्रार करी. शिवाय तिच्या फॅट-३२ या मांडणीत एका फाइलला ४ गिगाबाइटांची मर्यादा होती. त्या काळच्या डीव्ही कॅसेटचा एक तास सुमारे १३ गिगाबाइट होई. म्हणजे एकोणिसेक मिनिटांनी फाइल तोडावी लागे, मग त्या क्षणी मंगलाष्टके चालू असोत की सप्तपदी. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीने एनटीएफएस या मांडणीने ही अडचण दूर केली. मात्र तिची स्वतःची एक भिंत होतीच. संगणकातील प्रत्येक बाइटला घरक्रमांक लागतो. ३२ द्विमान अंकांत मावणारे क्रमांक ४,२९,४९,६७,२९६, म्हणजेच ४ गिगाबाइट. त्यातले काही क्रमांक चित्रपत्रिका व इतर उपकरणांसाठी राखून ठेवलेले. म्हणून चार गिगाबाइट रॅम विकत घेणाऱ्याला प्रत्यक्षात तीन-साडेतीनच वापरावयास मिळत, आणि कोणत्याही एका कार्यक्रमाच्या वाट्याला सामान्यतः दोनच. पोस्टमनला नंबरच माहीत नसलेल्या घरात भाडे भरून राहावे, तसा हा व्यवहार होता.

६४ बिटांची एक्सपी २००५ साली निघाली खरी. पण जुन्या कॅप्चर कार्डांना तिच्यासाठी ड्रायव्हर मिळत नसत, आणि कार्डच चालत नसेल तर रॅम घेऊन काय करावयाचे? हा संक्रम पार पडला तो २००९ च्या विंडोज ७ पासून. २०१० साली अ‍ॅडोबीचे प्रीमियर प्रो सीएस-५ केवळ ६४ बिटांवरच चालू लागले. भारतातील विवाहचित्रण करणाऱ्यांत आवडते झालेले एडियस २०१३ च्या सातव्या आवृत्तीत पूर्णपणे ६४ बिटांचे झाले. एडियस विंडोजवरच चालते, फायनल कट मॅकवरच. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम आपण निवडतो ही समजूत बरीचशी भ्रामक म्हणावी लागेल. हाताला सवय झालेला कार्यक्रम ती निवडतो, आणि मग ती स्मृतीची सीमा आखून देते. बेताच्या पैशांत यंत्र जुळविणाऱ्याने हाच क्रम पाळणे शहाणपणाचे.

उरली किंमत. ती रायपुरात ठरत नाही, मुंबईतही नाही. २१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानात भूकंप झाला तेव्हा रॅमचे भाव उसळले. सप्टेंबर २०१३ मध्ये चीनमधील वूशी येथे हायनिक्सच्या कारखान्याला आग लागली, तेव्हाही तेच. २०२५ च्या अखेरीस तर ना भूकंप ना आग. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांनी माल उचलला आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपला. तिच्या जागी येणारी विंडोज ११ ठरावीक पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम ही सुरक्षेची चिप मागते, तेव्हा चालती यंत्रे एकाएकी जुनी ठरली.

अशा यंत्राला लिनक्स हा एक आसरा आहे. केडेनलाइव्ह, शॉटकट असे विनामूल्य कार्यक्रम त्यावर चालतात. दाविंची रिझॉल्व्हही चालते. मात्र त्याची लिनक्सवरील मोफत आवृत्ती नित्याच्या एच. २६४ फिती अनेक वर्षे उघडीत नसे, आणि ही गोष्ट बहुधा सारी मांडणी झाल्यावरच उमगे. आठ गिगाबाइटांत साधे काम निभते, सोळांत मोकळेपणाने होते. सोळा घ्यावयाचे तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. बहुतेक यंत्रांत त्यामुळे प्रोसेसरकडे जाण्याचे दोन मार्ग खुले होतात. वेगळी चित्रपत्रिका नसलेल्या यंत्रात तिचा वाटाही याच रॅममधून जातो, तो आधी वजा धरावा.

तरीही चित्र स्मृतीच्या पुढेच धावते. आजच्या फोर-के चित्रात त्या जुन्या दूरचित्रवाणी-चित्राच्या बरोबर वीसपट बिंदू असतात. स्वस्त यंत्रावर ते अंगावर येऊ नये म्हणून संकलक प्रथम प्रत्येक फितीची लहान नक्कल, म्हणजे ‘प्रॉक्सी’, करून घेतो, तिच्यावर कापाकापी करतो, आणि शेवटच्या निर्मितीच्या वेळी मूळ चित्रे परत जोडतो. पाव रुंदीची ही नक्कल ९६० गुणिले ५४० बिंदूंची होते. १९७५ साली जाळीच्या अँटेनांमधून छत्तीसगढच्या खेड्यांत उतरलेल्या चित्राहून फार मोठी नव्हे.