खरेदीवाल्यांची संघटना आणि आपली दिल्ली

आपल्या उत्सव समितीची पहिली बैठक झाली की कामे वाटून घेतली जातात. सांस्कृतिक कार्यक्रमांना उत्साही मंडळी भरपूर मिळतात, महाप्रसादालाही मिळतात. पण ‘खरेदी कोण बघणार?’ असे अध्यक्षांनी विचारले की सगळे एकमेकांकडे बघू लागतात. कारण सरळ आहे. मंडपवाल्याची तीन कोटेशने आणा, फुलवाल्याशी घासाघीस करा, भर उन्हात सदर बाजार पालथा घाला, आणि शेवटी हिशेबाच्या दिवशी कोणीतरी हळूच म्हणणार, “एवढे कसे हो लागले?”

ऑफिसातही हेच. माल बनवणाऱ्याचे कौतुक होते, विकणाऱ्याला बक्षीस मिळते आणि खरेदी करणाऱ्याकडे मात्र संशयाने पाहिले जाते. या संशयाच्या धन्यालाही शास्त्र आहे, शिस्त आहे, असे म्हणणाऱ्या लोकांनी एक संघटना काढली. तिचे नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट, म्हणजेच आयआयएमएम. तिच्या दिल्ली शाखेत मी थोडेफार शिकलो. संपादकांनी यंदा लेख मागितला तेव्हा हाच विषय मनात आला.

खरेदीचा आणि दिल्लीचा संबंध जुना आहे आणि त्यात एक मराठी माणूस आहे, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरला. देशभरचे राजेमहाराजे भरजरी पोशाखात आले होते. त्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, स्वतः कातलेल्या सुताच्या खादीत हजर राहिले. माल कुठून घ्यायचा हा केवळ दुकानदाराचा प्रश्न नसून देशाचा प्रश्न आहे, हे त्यांनी एकही टेंडर न काढता सांगून टाकले!

त्या काळी सरकारची मोठी खरेदी लंडनमध्ये होत असे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तिची इंजिने इंग्लंडहूनच आली. पुढेही अनेक दशके रूळ, पुलांचे लोखंड, यंत्रसामग्री यांसाठी इथून मागणीपत्र जायचे आणि तिथले स्टोअर खाते माल घेऊन बोटीने पाठवायचे. पहिल्या महायुद्धात बोटी मिळेनाशा झाल्या तेव्हा या पद्धतीतला धोका सरकारच्या लक्षात आला. मग एक समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीनंतर १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झाले. देशात मिळणारा माल देशातच तपासून घ्यावा, ही त्यामागची कल्पना होती.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली या खात्याच्या वारशातून डीजीएस अँड डी, म्हणजे डायरेक्टोरेट जनरल ऑफ सप्लाइज अँड डिस्पोजल्स, उभे राहिले. यातला ‘डिस्पोजल्स’ हा शब्द दुसऱ्या महायुद्धाची आठवण आहे. लढाई संपल्यावर उरलेल्या सामानाचे डोंगर विकून टाकणे हेही तेव्हा सरकारचे मोठे काम होते. संसद मार्गावरील जीवनतारा इमारतीतले हे ऑफिस दिल्लीत नोकरी केलेल्या पुष्कळांना आठवत असेल. त्यांचे ‘रेट कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे वर्षभरासाठी ठरवून ठेवलेला दर. त्याच्या आधारावर देशभरची सरकारी ऑफिसे पंख्यापासून पंपापर्यंत वस्तू मागवत.

म्हणजे खरेदी होती, खाती होती, नियमांची जाड पुस्तके होती. नव्हते ते या कामाचे शिक्षण आणि या कामाला मान. परदेशात याची जाणीव आधी झाली. अमेरिकेत १९१५ साली खरेदी अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना निघाली, इंग्लंडमध्ये १९३२ साली. आपल्याकडे दोन वेगळ्या संघटना एकत्र येऊन १९७५ साली आयआयएमएम झाली. ही संस्था खरेदी व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे. तिचे मुख्यालय नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला आहे, ही आपल्यासाठी आणखी एक जवळीक. मुंबई, पुणे, नागपूर येथेही शाखा आहेत.

आता मी तिथे कसा पोहोचलो ते सांगतो. मी पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. रेल्वेत ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागलो आणि दिल्लीला आलो. डबे दुरुस्तीच्या डेपोत काम होते. आमच्या दृष्टीने जगात दोनच जाती: काम करणारे आम्ही, आणि माल न देणारे स्टोअर्सवाले. एकदा ब्रेकच्या एका रबरी सीलवाचून काही डबे सिक लाइनवर अडकून पडले. सणाचे दिवस, गाड्यांना वेटिंग लिस्ट लागलेली. मी तावातावाने स्टोअर्समध्ये गेलो आणि नको ते बोललो. तिथल्या एका वयस्कर पंजाबी गृहस्थांनी शांतपणे चहा मागवला आणि फाइल माझ्यापुढे ठेवली. माल वेळेवर आला होता, पण नवीन ड्रॉइंगशी जुळत नाही म्हणून नाकारला गेला होता. आणि इंडेंटमध्ये ड्रॉइंगचा जुना नंबर लिहिणारा दुसरा कोणी नसून मीच होतो. सही माझीच होती. चहा घशाखाली उतरेना.

त्याच गृहस्थांनी मला आयआयएमएमच्या डिप्लोमाबद्दल सांगितले. मी नाव घातले तेव्हा दिल्ली शाखेचे ऑफिस विकास मार्गावर शकरपूरला होते. शनिवार-रविवारी वर्ग असायचे. माझ्या शेजारी सार्वजनिक उपक्रमांतले अधिकारी असत, ओखला-फरिदाबादच्या कारखान्यांतले खरेदीवाले असत, एखादा हॉस्पिटलचे भांडार बघणाराही असे. नोकरी करून थकून आलेली ही मंडळी, पण सरकारी नियमांवर आणि खाजगी कंपन्यांच्या पद्धतीवर मधल्या सुट्टीत जी चर्चा रंगायची ती पुस्तकात सापडणार नाही. माझ्या मते शाखेचे खरे काम तेच होते. आपापल्या ऑफिसात एकटा पडलेला माणूस इथे चार समव्यावसायिकांत येऊन मन मोकळे करत असे.

तिथे शिकलेल्या दोन गोष्टी आपल्या उत्सवालाही लागू पडतात. पहिली ‘एबीसी’. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या डिकी यांनी १९५१ साली ती मांडली. थोड्याच वस्तूंवर बहुतेक पैसा जातो, म्हणून आधी त्यांच्यावर लक्ष द्या. आपल्याकडे मूर्ती, मंडप आणि साउंड हे ‘ए’. तिथे घासाघीस करावी. कापूर, वाती, सुतळी हे ‘सी’. तिथे पाच रुपयांसाठी वेळ घालवू नये.

दुसरी गोष्ट ‘व्हीईडी’. वस्तूची किंमत विसरा आणि ती नसेल तर काय अडेल ते पाहा. काडेपेटी दोन रुपयांची, पण ती नसेल तर निरांजन पेटत नाही आणि पाचशे माणसे आरतीसाठी ताटकळतात. पैशाच्या हिशेबात ती ‘सी’, पण गरजेच्या हिशेबात पहिल्या नंबरची. माझे ते रबरी सील म्हणजे अशीच काडेपेटी होती. लाखो रुपयांचे डबे त्याच्यावाचून उभे होते.

बाकी संशयाचे म्हणाल तर तो संपलेला नाही. सरकारी खरेदीत चौकशीची टांगती तलवार असते. त्यामुळे काही जण निर्णयच घेत नाहीत, फाइल फिरवत राहतात. सर्वात कमी दर बघून सही करणे सुरक्षित वाटते, मग तो माल सहा महिन्यांत का फाटेना. पैसे खाणारे असतात हे मी नाकारत नाही. पण घाबरून गप्प बसणाऱ्यांमुळेही गाडी अडते, हे आपण सहसा बोलत नाही. कारणे नीट लिहून ठेवावीत आणि मग निर्णयामागे उभे राहावे, ही हिंमत शिकवणारी जागा म्हणून मला अशा संघटनेचे महत्त्व वाटते.

आता काळ बदलला. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘जेम’ हा सरकारी ऑनलाइन बाजार सुरू झाला. गंमत म्हणजे तो उभा केला डीजीएस अँड डीनेच, आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी तेच खाते बंद झाले. आपल्या हाताने वारस घडवून वडीलधाऱ्याने निवृत्त व्हावे तसे झाले. रेल्वेची टेंडरेही आता कॉम्प्युटरवर उघडतात. यामुळे पारदर्शकता वाढली हे खरेच. पण कॉम्प्युटर दर लावून देतो. ड्रॉइंगचा नंबर जुना आहे हे सांगायला अजून माणूसच लागतो, आणि तो माणूस शिकलेला असावा लागतो.

आयआयएमएमला २०२५ साली पन्नास वर्षे झाली. दिल्लीच्या त्या वर्गातले माझे सोबती आज कुठे कुठे आहेत. मी अजून डब्यांमध्येच आहे, पण इंडेंटवर सही करण्यापूर्वी ड्रॉइंगचा नंबर दोनदा बघतो.

तेव्हा वाचकहो, यंदा आपल्या खरेदी समितीचा कार्यकर्ता घामाघूम होऊन पावत्या जुळवताना दिसला तर “एवढे कसे लागले?” असे विचारण्याआधी त्याला एक कप चहा द्या. मग हिशेब जरूर विचारा. तो विचारलाच पाहिजे. आणि पुढच्या वर्षी त्या कामासाठी आपलेही नाव द्या.

गणपती बाप्पा मोरया!