हळदीचं पेटंट आणि माळ्यावरची ट्रंक

आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका पोराने विज्ञान प्रदर्शनासाठी व्हॅक्युम क्लीनरची गाळणी बनवली. त्याचे अब्बा तारकर्लीतल्या एका पर्यटक निवासात साफसफाईचं काम बघतात. पाहुणे समुद्रावरून पायाला वाळू घेऊन खोलीत येतात. ती बारीक वाळू आणि आपली तांबडी धूळ मशीनच्या फिल्टरात बसते, आणि चार दिवसांत मशीन धापा टाकायला लागतं. नवा फिल्टर कोल्हापूरहून मागवायचा. पोराने जुन्या जाळ्याच्या दोन तुकड्यांमध्ये पिंजलेला काथ्या दाबून बसवला. धुवा, वाळवा, परत लावा. चाललं की!

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो विचारतो, "सर, ह्येचा पेटंट घेता येयत?"

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. पेटंट हा शब्द मला औषधाच्या जाहिरातीपुरता ठाऊक. पण "बघून सांगतो" म्हटलं, आणि बघता बघता जिथे पोचलो तिथे माझ्याच घरातली एक जुनी चूक माझी वाट बघत होती.

आधी पोराच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या जिल्ह्यातला अर्ज मुंबईला अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात जातो. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये, पण तपासणीची मागणी वेगळी करावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. मग परीक्षक तो हातात घेतो आणि तीन गोष्टी तपासतो. हे नवं आहे का? या विषयातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं असं तर नाही ना? आणि उद्योगात वापरता येईल का? पहिला अहवाल जवळजवळ नेहमीच हरकतींचा असतो. त्याला अर्जदाराने उत्तर द्यायचं, लागली तर सुनावणी, आणि सगळ्यातून तरलं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा हक्क.

यातली एक मेख मला फार उशिरा कळली. अर्ज करण्याआधी वस्तू चारचौघांत मांडली, तर त्या मांडण्यानेच तिचा नवेपणा जाऊ शकतो. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती १२ महिन्यांची सवलत कायद्यात आहे, पण शाळेचं प्रदर्शन काही राजपत्रात येत नाही. म्हणजे पोराला शाबासकी द्यायला आम्ही जे टेबल मांडलं, त्याच टेबलावर त्याचा हक्क पातळ होत होता. हे आम्हा शिक्षकांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

धूळ आणि फडकं यांची गोष्ट तशी जुनी. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने एका हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल पसरला, त्याला तोंड लावलं आणि हवा ओढली. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला. व्हॅक्युम क्लीनरचा पहिला फिल्टर म्हणजे तो रुमाल. (बूथसाहेबांना नंतर ठसका लागला तो वेगळा.) आपल्याकडची पेटंटची सुरुवातही हवेनेच झाली. १८५६ साली कायदा आला आणि त्याच मार्चमध्ये कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंगने पहिला अर्ज केला, तो पंखा ओढायच्या यंत्राचा. दोरी ओढत बसणाऱ्या पंखेवाल्याला त्यावर काय वाटलं, ते कुठे नोंदलेलं नाही.

गाळणीचाच खटला हवा असेल तर मुंबईतल्या दोन बड्या कंपन्यांचा आहे. हिंदुस्थान युनिलिव्हरकडे पाणी गाळायच्या यंत्राचं १९५९३७ क्रमांकाचं पेटंट होतं. टाटा केमिकल्सने ते रद्द करावं म्हणून बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे दाद मागितली, आणि जून २०१२ मध्ये मंडळाने ते रद्द केलं. दोन कारणं झाली. एक, ही रचना जाणकाराला सुचण्यासारखी होती. दुसरं कारण मला जास्त भावलं. त्याच शोधाची बाहेरच्या देशांत जी तपासणी झाली, तिची माहिती इथल्या कार्यालयाला द्यायची असते, ती पुरती दिलेली नव्हती. म्हणजे परीक्षकासमोर पहिला प्रश्न नवेपणाचा असला, तरी त्यामागे दुसरा उभा असतोच: तुला जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलंस का?

आता हळद.

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ क्रमांकाचं पेटंट दिलं. विषय: जखम भरण्यासाठी हळदीचा वापर. मालक मिसिसिपी विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र. "गोऱ्यांनी आपली हळद पळवली" असं भाषण आपण सगळ्यांनी ऐकलंय, मीही स्टाफरूममध्ये ते केलंय. पण पेटंटवर शोधक म्हणून ज्या दोघांची नावं होती ते भारतीय वंशाचेच. कुणाच्या तरी आजीने त्यांच्याही गुडघ्यावर हळद दाबली असणार. आणि ते पेटंट अमेरिकेपुरतं होतं. मालवणातल्या आजीचा हात त्यामुळे कुणी धरणार नव्हतं. मुद्दा वेगळाच होता. तिथल्या परीक्षकाने "हे नवं आहे का" असं विचारलं, आणि त्याच्या कपाटात "नाही" म्हणणारा कागद त्याला सापडला नाही.

तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत शिकलेले, आपल्याच भाषेचे. त्यांच्या परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. पण अडचण कायद्यात होती. अमेरिकेचा त्या वेळचा कायदा असा, की अमेरिकेत एखादी गोष्ट लोकांना ठाऊक असेल किंवा ते ती वापरत असतील, तर ते पुरावा म्हणून चाले. अमेरिकेबाहेर मात्र ती गोष्ट छापून प्रसिद्ध झालेली हवी. कोट्यवधी बायकांनी हजार वर्षं हळद लावली, त्याची किंमत शून्य. ती कुणी कागदावर छापली असेल तर बोला. (हा भेद तिकडे २०११ च्या नव्या कायद्याने काढला, तो २०१३ पासून लागू झाला.)

मग शोध सुरू झाला तो छापील कागदांचा. सीएसआयआरने ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यातले काही शंभर वर्षांहून जुने. १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेखही त्यात होता. आणि भाषा? संस्कृत, हिंदी आणि उर्दू.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या, खोटं कशाला सांगू. "सर, उर्दू शिकून पुढे काय?" हा प्रश्न मी वीस वर्षं पालकसभेत ऐकतोय. विचारणारे आपलेच असतात. मी शायरीचं नाव घेतो, तहजीब म्हणतो, डीएडच्या जागा मोजून दाखवतो. वॉशिंग्टनच्या परीक्षकासमोर उर्दू साक्षीला उभी राहिली होती, हे मला सांगता आलं नाही, कारण मला ते ठाऊकच नव्हतं. ऑगस्ट १९९७ मध्ये त्या कार्यालयाने पेटंटातले दावे नाकारले.

लोकांनी या लढ्याला हळदीघाटीची लढाई असं नाव दिलं. नाव देणाऱ्याच्या मनात होतं की नाही कोण जाणे, पण मूळ हळदीघाटीत, १५७६ साली, महाराणा प्रतापांच्या बाजूने आघाडीला हकीम खान सूर होता आणि अकबराच्या फौजेचा सेनापती राजा मानसिंग होता. दुसऱ्या हळदीघाटीतही हकीम आपल्या बाजूलाच निघाले म्हणायचे.

हे छापील उर्दू वैद्यक आलं कुठून, तीही एक गोष्ट आहे. युनानी म्हणजे ग्रीक. बुकरात आणि जालिनूसचं शास्त्र अरबीत आलं, इब्न सीनाने त्याचा 'अल-कानून फित्तिब' रचला, ते फारसीतून हिंदुस्थानात आलं आणि इथल्या वैद्यांच्या मुळ्या-पाल्यांशी त्याची सोयरीक झाली. फारसीत हळदीला जर्दचोब म्हणतात, पिवळं लाकूड. १९व्या शतकात शिळाछपाई आली आणि हकिमांची पोथी बाजारात स्वस्त मिळू लागली. या कामात सगळ्यात मोठं नाव लखनौच्या नवल किशोर प्रेसचं, १८५८ साली सुरू झालेल्या. मालक मुन्शी नवल किशोर, हिंदू. त्यांच्या छापखान्यातून कुरआन निघाला, तिब्बची किताबं निघाली, दास्तानं निघाली. कातिब शाईने कागदावर लिहायचा, ते दगडावर उतरवायचं, दगडावरून शेकडो प्रती निघायच्या. तो दगड नसता तर कितीतरी ज्ञान हकीमसाहेबांबरोबरच कबरीत गेलं असतं.

निंबाचा खटला युरोपात चालला, आणि त्याचा धागा थेट महाराष्ट्रात येतो. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांच्याकडे निंबाच्या तेलाने बुरशी मारण्याचं युरोपीय पेटंट होतं. युरोपच्या कायद्यात वापराचा पुरावाही चालतो. तिथे पुण्याकडच्या एका कारखानदाराची साक्ष झाली, की आम्ही हे आधीपासून करत होतो. २००० साली पेटंट रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. अमेरिकेत छापलेला कागद लागला, युरोपात माणसाचा शब्द पुरला.

आपल्या कायद्यात तर २००२ च्या दुरुस्तीने स्पष्टच लिहिलंय. स्थानिक समाजात तोंडी चालत आलेलं ज्ञानसुद्धा पेटंटला हरकत घ्यायला पुरेसं आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्याआधी, ही हरकत कुणीही घेऊ शकतो. वकील नको, कंपनी नको. देवगडची मासेवालीसुद्धा घेऊ शकते. तिला अर्ज निघाल्याचं कळवणार कोण, हा प्रश्न कायद्याने मोकळाच ठेवलाय.

हळदीच्या आणि निंबाच्या दमछाकीनंतर सरकारने ठरवलं, की दर वेळी कपाटं उपसण्यापेक्षा एकदाच सगळं मांडून ठेवू. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं अंकीय ग्रंथालय उभं राहू लागलं. संस्कृत, हिंदी, अरबी, फारसी, उर्दू आणि तमिळ ग्रंथांतले नुस्खे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत आणले. आज ते चार लाखांच्या वर गेलेत. २००९ मध्ये युरोपच्या आणि अमेरिकेच्या पेटंट कार्यालयांशी करार झाले, आता तिथला परीक्षक आपल्या हकिमाचं पान बघू शकतो. माझी तक्रार एवढीच, की परीक्षकाला जे बघता येतं ते माझ्या विद्यार्थ्याला सहज बघता येत नाही. २०२२ मध्ये दार थोडं उघडायचा निर्णय झाला. बघू.

आता माझी चूक. माझ्या अब्बांचे आजोबा हकिमी करायचे. मोठं नाव नव्हतं, पाच-सहा गावांपुरतं. आमच्या माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक होती. मी बीएड करून नोकरीला लागलो त्या वर्षी घराची कौलं उतरवून परत शाकारायची होती. ट्रंक पडवीत आणून ठेवली आणि मृग वेळेच्या आधी कोसळला. चार दिवसांनी झाकण उघडलं तर वास येत होता. काही छापील किताबं, बाकी हाताने लिहिलेल्या वह्या, अक्षर शिकस्ता, पान पानाला चिकटलेलं. अब्बांनी मला विचारलं, "तू उर्दूचा मास्तर, सांग, काही कामाचं आहे का?" मी दोन पानं उलटली. अक्षर लागेना. लागेना हे कबूल करायची लाज वाटली, म्हणून म्हटलं, "जुनं आहे, वाळवी घरात शिरेल." परसात पानगळीबरोबर ते सगळं जळलं. उर्दूचा पगार घेणाऱ्या माणसाने उर्दू जाळली.

एक वही वाचली, ती दादीमुळे. तिने ती उशीखाली ठेवली होती, पानांमध्ये पैसे ठेवायला.

पोराच्या गाळणीचं म्हणाल तर आम्ही दोघांनी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घेतला. काथ्याच्या गाळण्यांवरचे अर्ज बरेच निघाले. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने विचार करून तक्त्यावरचा 'नवीन' हा शब्द खोडला आणि खाली लिहिलं, 'जाळ्याची घडी अशी, की गाळणी न काढता झटकता येते'. तेवढं कुठल्या अर्जात त्याला दिसलं नव्हतं. परीक्षक हेच मागतो, नेमकं तुझं काय ते सांग. प्रदर्शनात नंबर आला नाही. त्याच्या अब्बांच्या मशीनला मात्र ती गाळणी अजून आहे.

दादीची वही आता माझ्या कपाटात आहे. शनिवारी शाळा सुटली की नववीच्या दोन मुली आणि मी तिच्यातली पानं स्वच्छ उर्दूत आणि मराठीत उतरवतो. लिपी उर्दू, पण शब्द कुठे फारसी, कुठे मालवणी. उर्दूत ळ नाही, म्हणून पणजोबांनी 'हलद' लिहिलंय. गेल्या आठवड्यात एका शब्दावर अडलो. बे, दोचश्मी हे, रे, नून, डाल. एकीने 'भरंड' वाचलं, दुसरीने 'भुरंड'. मी कोश काढला, त्यात नाही. मुलगी वहीच्या पानाचा फोटो घेऊन घरी गेली आणि संध्याकाळी तिचा फोन आला. तिच्या नानीला अक्षरओळख नाही, पण पानावर पुढे काय लिहिलंय ते नातीने वाचून दाखवल्यावर ती हसली म्हणे. पित्त उठल्यावर अंगाला लावतात ते, आणि तुमका एवढा कळत नाय? भिरंड!