शालेय धावांचा डोंगर आणि लिलावाचा हातोडा
उदयोन्मुख क्रिकेटपटूंची पारख आयपीएलचे संघ कशी करतात?

वर्सोवा, सात बंगला, यारी रोड या भागांतून दररोज सकाळी पाठीवर क्रिकेटची अवजड बॅग घेतलेली मुले मेट्रोने अंधेरीला येतात आणि तेथून चर्चगेटची लोकल पकडतात. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून हा प्रवास थोडा सुसह्य झाला एवढेच. घराजवळ वीरा देसाई मार्गावर शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. परंतु तेथील मुख्य मैदान फुटबॉलसाठी ओळखले जाते. क्रिकेटची खरी परीक्षा आजही आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल येथेच द्यावी लागते. या मुलांच्या पालकांच्या मनात पूर्वी रणजी करंडक असे, आता आयपीएलचा लिलाव असतो. म्हणूनच लिलावाच्या टेबलाभोवती बसलेली माणसे सतरा-अठरा वर्षांच्या मुलात नेमके काय पाहतात, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. शालेय स्पर्धेतील धावसंख्येच्या बळावर कोणालाही लिलावात थेट प्रवेश मिळत नाही. १९ वर्षांखालील मुलाला राज्य संघाकडून वरिष्ठ पातळीवर खेळल्याची नोंद दाखवावी लागते. नाव नोंदवले म्हणजे बोली लागते, असेही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे झालेल्या मोठ्या लिलावासाठी १५७४ खेळाडूंनी नोंदणी केली होती. प्रत्यक्षात विकले गेले १८२. प्रत्येक संघाकडे १२० कोटींची मर्यादा होती आणि संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू घेता येत होते. भारताकडून न खेळलेल्या खेळाडूची किमान मूळ किंमत त्या वर्षी २० लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली.

पहिली निवड आणि हुकलेला मोहरा

आयपीएलमध्ये नवोदितांसाठी एकदा लिलावाऐवजी 'ड्राफ्ट' झाला होता, हे आता अनेकांच्या विस्मरणात गेले असेल. मार्च २००८ मध्ये भारताने क्वालालंपूर येथे १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच महिन्यात त्या संघातील मुलांची वाटणी फ्रँचायझींमध्ये करण्यात आली. किंमत ठरलेली होती. प्रश्न फक्त कोण कोणाला आधी निवडतो एवढाच होता. पहिली संधी दिल्लीला मिळाली. विजेत्या संघाचा कर्णधार विराट कोहली हा दिल्लीचाच मुलगा, समोर उपलब्ध. दिल्लीने निवडले डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याला. कोहली बेंगळुरूकडे गेला, ३० हजार डॉलरला.

आज या निर्णयाला हसणे सोपे आहे. तथापि दिल्लीच्या बाजूने विचार केला तर तो अगदीच अविचारी नव्हता. सेहवाग, गंभीर, शिखर धवन, एबी डिव्हिलियर्स असे फलंदाज त्यांच्याकडे होतेच. उणीव गोलंदाजाची होती. पारख करणाऱ्यांपुढचा हा सनातन पेच आहे : समोरचा सर्वोत्तम खेळाडू घ्यायचा, की आपल्या संघातील रिकामी जागा भरायची? आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पहिल्या हंगामात कोहलीने बेंगळुरूसाठी अवघ्या १६५ धावा केल्या. त्या वर्षअखेरीस हिशेब मांडला असता तर दिल्लीचे फारसे चुकले असे कोणी म्हटले नसते. २०१६ मध्ये त्याच फलंदाजाने एका हंगामात ९७३ धावा केल्या. मधली आठ वर्षे बेंगळुरूने त्याला सोडले नाही, यातच त्या निवडीचे खरे मोल होते. त्याच ड्राफ्टमधून रवींद्र जडेजा राजस्थानकडे आणि मनीष पांडे मुंबईकडे गेला.

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये हा खेळ दरवर्षी चालतो. तेथे विद्यापीठांच्या संघांतून खेळलेल्या मुलांना संघ क्रमाने निवडतात आणि आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला प्रथम निवडीचा मान मिळतो. सर्वाधिक डोकेफोड होते ती 'क्वार्टरबॅक'च्या बाबतीत. चेंडू कोठे व केव्हा फेकायचा हे क्षणार्धात ठरवणारा हा खेळाडू संघाचा मेंदूच असतो. धावण्याचा वेग, उंची, फेकीची ताकद, सारे मोजले जाते. तरीही १९९८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला रायन लीफ पूर्णपणे अपयशी ठरला आणि २००० मध्ये तब्बल १९९व्या क्रमांकावर निवडलेल्या टॉम ब्रेडीने पुढे सात 'सुपर बोल' जिंकले. दंडाची ताकद मोजता येते; अंगावर धावून येणाऱ्या गड्यांसमोर शांत राहण्याची ताकद मोजण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही.

हजार धावांचे वजन किती?

मुंबईत या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. येथे शालेय क्रिकेटच्या नोंदी इतक्या जुन्या आणि इतक्या अवाढव्य आहेत की त्यांचा मोह टाळणे कठीण जाते. १९८८ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली आणि तेव्हापासून प्रत्येक मोठ्या शालेय खेळीकडे 'पुढचा सचिन' म्हणून पाहण्याची सवय या शहराला लागली. नोव्हेंबर २०१३ मध्ये रिझवी स्प्रिंगफिल्डच्या पृथ्वी शॉने हॅरिस शिल्डमध्येच ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे याने भंडारी करंडक स्पर्धेत नाबाद १००९ धावा करून १८९९ मधील ए. ई. जे. कॉलिन्सचा ६२८ धावांचा विक्रम मोडला.

प्रणवच्या खेळीत १२९ चौकार व ५९ षटकार होते. परंतु पारखी माणसाचा पहिला प्रश्न असतो : धावा कोणाविरुद्ध? प्रतिस्पर्धी संघातील मुले त्याच्याहून वयाने लहान होती. एवढा वेळ उभे राहून फटके मारत राहण्यासाठी लागणारी चिकाटी व शारीरिक क्षमता निर्विवाद होती; मात्र चांगल्या गोलंदाजीसमोर तंत्र टिकेल काय, याचे उत्तर त्या डावात दडलेले नव्हते. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा आटल्यावर २०१७ मध्ये त्याने ती स्वतःहून नाकारली. एका पंधरा वर्षांच्या मुलावर दूरचित्रवाणीचे कॅमेरे रोखून आपण त्याच्यावर केवढे ओझे टाकले, याचा विचार त्या वेळी फारच थोड्यांनी केला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पृथ्वी शॉची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि म्हणूनच अधिक शिकवणारी आहे. तो केवळ शालेय मैदानावरचा वाघ नव्हता. रणजी पदार्पणात शतक, दुलीप करंडक पदार्पणात शतक, २०१८ मध्ये विश्वविजेत्या १९ वर्षांखालील संघाचे कर्णधारपद, जानेवारी २०१८ च्या लिलावात दिल्लीकडून १ कोटी २० लाखांची बोली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोट येथे कसोटी पदार्पणात १३४ धावा. कोणत्याही स्काऊटच्या वहीत याहून भरभक्कम पान शोधून सापडणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला मात्र स्टार्क आणि कमिन्स यांनी दोन्ही डावांत त्याचा त्रिफळा उडवला. धावा ० आणि ४. बॅट व पॅड यांच्यामधून आत शिरणाऱ्या चेंडूवरील ती फट नवी नव्हती. ती उघडी पाडणारा गोलंदाज शालेय वा वयोगटाच्या क्रिकेटमध्ये त्याला क्वचितच भेटला असावा. त्यानंतर तंदुरुस्तीचे प्रश्न आले, ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून वगळले गेले आणि पुढच्याच महिन्यात ७५ लाख मूळ किंमत असूनही त्याच्यासाठी एकही हात वर झाला नाही. २०२५ मध्ये तो महाराष्ट्र संघाकडे गेला.

मग पाहतात तरी काय?

एकूण धावा व सरासरी हे आकडे चाळणीचे काम करतात, निकालाचे नव्हे. वेगवान गोलंदाजीसमोर, विशेषतः ताशी १४० किलोमीटरच्या आसपासच्या चेंडूंवर, फलंदाज किती धावा जमवतो हे वेगळे काढले जाते. फिरकीसमोर त्याचे किती चेंडू निर्धाव जातात, पहिल्या सहा षटकांत तो जोखीम कशी घेतो, मधल्या षटकांत एकेरी-दुहेरी धावा काढतो की अडकून पडतो, हेही तपासले जाते. खेळपट्टीचा विचार अपरिहार्यच असतो. पावसाळ्यात, ओल्या मैदानावर खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमधील वीस धावा एखाद्या जाणत्या निरीक्षकाला कोरड्या, पाटा खेळपट्टीवरील शतकापेक्षा अधिक काही सांगून जातात. मुंबईत हे पिढ्यान् पिढ्या बोलले जाते आणि ते खोटे नाही.

वयाचा प्रश्न नाजूक आहे. चौदा वर्षांखालील गटात दीड-दोन वर्षांचा फरकही निर्णायक ठरतो. दाढी-मिशा फुटलेला मुलगा बाळसेदार गोलंदाजांवर सहज राज्य करतो. म्हणून भारतीय क्रिकेट नियामक मंडळ लहान वयोगटांत मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवणारी 'टीडब्ल्यू ३' चाचणी घेते. तंदुरुस्तीसाठी 'यो-यो' चाचणी आहे. २०१७ मध्ये भारतीय संघाने तिच्यासाठी १६.१ ही पातळी ठेवली होती. परंतु या चाचण्या नापास कोण एवढेच सांगतात.

उरलेले काम डोळ्यांनी करावे लागते. जसप्रीत बुमराहचे उदाहरण पुन्हा पुन्हा दिले जाते ते उगीच नाही. २०१३ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत गुजरात विरुद्ध मुंबई हा सामना पाहण्यासाठी मुंबई इंडियन्सचे प्रशिक्षक जॉन राईट आले होते. छोट्याशा धावपळीतून, ताठ हाताने, विचित्र शैलीत यॉर्कर टाकणारा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. पाठ्यपुस्तकी मोजपट्टीने तो पहिल्याच फेरीत बाद झाला असता. राईट यांनी पाहिले ते इतकेच की फलंदाजांना त्याचा चेंडू उशिरा कळतो. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बुमराहने आयपीएल पदार्पणात कोहलीला बाद केले.

यशस्वी जयस्वाल याच्या बाबतीत डोळे आणि आकडे जुळून आले. उत्तर प्रदेशातील भदोहीहून आलेला, आझाद मैदानावरील तंबूत राहिलेला आणि पुढे सांताक्रूझच्या ज्वाला सिंग यांच्या देखरेखीखाली वाढलेला हा मुलगा २०१५ मध्ये जाइल्स शिल्डमध्ये नाबाद ३१९ धावा आणि १३ बळी अशा कामगिरीने प्रकाशात आला. तेवढ्यावर कोणी त्याच्यावर कोटींची बोली लावली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये विजय हजारे करंडकात झारखंडविरुद्ध, म्हणजे प्रौढ व्यावसायिक गोलंदाजांसमोर, त्याने १७व्या वर्षी २०३ धावा केल्या. दोन महिन्यांनी २० लाखांच्या मूळ किमतीवरून राजस्थानने त्याला २ कोटी ४० लाखांना घेतले. पहिल्या हंगामात तीनच सामने मिळाले. एप्रिल २०२३ मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्ध १२४ धावा येईपर्यंत तीन वर्षे लोटली होती.

न विकला गेलेला मुलगा

लिलावातील एक बाब बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. अपरिचित नावे बहुधा शेवटी, झटपट फेरीत पुकारली जातात. तोवर बहुतेकांच्या थैल्या आटलेल्या असतात, जागा भरलेल्या असतात आणि काही सेकंदांत नाव पुढे सरकते. त्या वेळी बोली न लागणे हा गुणवत्तेवरील शेरा असतोच असे नाही.

विरारच्या आयुष म्हात्रेने ऑक्टोबर २०२४ मध्ये रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा केल्या होत्या. चेन्नईने लिलावापूर्वी त्याला चाचणीसाठी बोलावण्याची इच्छा मुंबई क्रिकेट संघटनेला कळवली होती. तरीही लिलावात तो कोणाकडेच गेला नाही, चेन्नईकडेही नाही. त्याच लिलावात राजस्थानने तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाखांना घेतले आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकून ती बोली सार्थ ठरवली. म्हात्रेला मात्र ऋतुराज गायकवाड जायबंदी होईपर्यंत थांबावे लागले. ३० लाखांना बदली खेळाडू म्हणून आलेल्या या सतरा वर्षांच्या मुलाने २० एप्रिल २०२५ रोजी वानखेडेवर मुंबईविरुद्ध १५ चेंडूंत ३२ आणि ३ मे रोजी बेंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ धावा केल्या. पाच महिन्यांपूर्वी दहाही संघांच्या याद्या त्याच्यासमोर थंड पडल्या होत्या!

पालकांनी यातून अकादमीची जाहिरात वाचताना एवढे तरी विचारावे : मुलगा कोणत्या गोलंदाजीसमोर खेळतो, त्याच्यापेक्षा मोठ्या मुलांत त्याला कधी उतरवले जाते, आणि दहावी-बारावीच्या वर्षी सरावाचे वेळापत्रक काय असते? एकेकाळी महाविद्यालय हीच पुढची पायरी होती. आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया करंडकातून अजित वाडेकर, सुनील गावस्कर घडले. ती वाट आता अरुंद झाली आहे. तिची जागा काही अंशी टी-२० मुंबई लीगने घेतली. २०१८ व २०१९ नंतर खंड पडलेली ही स्पर्धा जून २०२५ मध्ये आठ संघांसह पुन्हा भरली. त्यांत उपनगराचे नाव मिरवणारा अंधेरीचाही एक संघ होता आणि सामने वानखेडे व नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर, प्रकाशझोतात झाले.