निकोटिन : व्यसन आणि अपाय या दोन प्रश्नांच्या सरमिसळीचा इतिहास

ई-सिगारेटीविषयीचा आजचा वाद दोन प्रश्नांभोवती फिरतो. तिच्यातील निकोटिनाचे खरोखर व्यसन लागते काय, आणि ते खरोखर अपायकारक आहे काय? बहुधा हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारले जातात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या माथी मारले जाते. व्यसन लागते त्या अर्थी ते घातक असलेच पाहिजे, असे एक पक्ष मानतो. धुराइतके घातक नाही त्या अर्थी व्यसनाची चिंता करण्याचे कारण नाही, असे दुसरा. ही सरमिसळ व्हेपिंगने निर्माण केलेली नाही. तिचे मूळ विसाव्या शतकाच्या मध्यास व्यसनाची जी व्याख्या रूढ झाली तिच्यात सापडते.

निकोटिनाची पहिली ख्याती विष म्हणून होती. इ. स. 1828 मध्ये हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व राइमान यांनी ते तंबाखूपासून वेगळे काढले. 1850 मध्ये बेल्जममधील बोकार्मे नावाच्या सरदाराने आपल्या मेहुण्याचा खून निकोटिन पाजून केला. रसायनज्ञ स्तास यांनी मृताच्या शरीरातून ते विष शोधून काढले आणि त्यातून न्यायवैद्यकाची एक नवी पद्धती जन्मास आली. पुढे 60 मिलिग्रॅम ही मनुष्याची मारक मात्रा होय, असे पाठ्यपुस्तके सांगू लागली. 2014 मध्ये ग्राझचे औषधशास्त्रज्ञ बर्न्ड मायर यांनी या आकड्याचा माग काढला, तेव्हा तो एकोणिसाव्या शतकात काही संशोधकांनी स्वतःवर केलेल्या संशयास्पद प्रयोगांवर उभा असल्याचे आढळले. त्यांच्या मते प्रत्यक्ष मारक मात्रा अर्ध्या ग्रॅमच्या पुढे आहे. एक आकडा फेरतपासणीवाचून शतकभर कसा चालत राहतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

व्यसनाचा प्रश्न प्रयोगाच्या कक्षेत आणला तो स्कॉटिश डॉक्टर लेनॉक्स जॉन्स्टन यांनी. 1942 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी स्वतःस व इतर 35 जणांना निकोटिनाची इंजेक्शने दिल्याचा वृत्तान्त आहे. धूम्रपान करणाऱ्यांना ती सुखावह वाटली आणि त्यानंतर काही काळ त्यांची सिगारेटीची इच्छा मावळली. माणूस धूर ओढतो तो निकोटिनासाठी, हा त्यांचा निष्कर्ष. प्रयोग लहान होता आणि त्याच्या मांडणीत उणिवा होत्या. तथापि वैद्यकविश्वाने त्याची उपेक्षा केली ती केवळ एवढ्याच कारणास्तव, असे म्हणता येत नाही. अफू आणि सिगारेट यांना एका पंक्तीस बसविण्याची समाजाची तयारी नव्हती.

ही नापसंती पुढे व्याख्येतच उतरली. 1957 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ‘व्यसन’ आणि ‘सवय’ यांत भेद केला. अनिवार ओढ, मात्रा वाढविण्याची प्रवृत्ती आणि व्यक्तीबरोबर समाजासही होणारी हानी ही व्यसनाची लक्षणे ठरली. सवयीत केवळ इच्छा असते आणि हानी झालीच तर ती मुख्यतः व्यक्तीपुरती राहते, असे मानले गेले. म्हणजे एखादे द्रव्य माणसास कितपत बांधून ठेवते हे ठरविताना ते समाजाचे किती नुकसान करते, हे मापही त्यात मिसळले गेले. याच भेदाच्या आधारे 1964 च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालाने तंबाखूस ‘सवय’ म्हटले. सिगारेट हे पुरुषांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण आहे, असा निर्वाळा देणारा तो हाच अहवाल. अपाय सिद्ध झाला आणि व्यसन नाकारले गेले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने हे दोन्ही शब्द बाजूस सारून ‘अवलंबित्व’ ही संज्ञा स्वीकारली. पण अहवालातील शब्दाने आपले काम केले होते.

तंबाखू कंपन्यांना तो शब्द सोयीचा होता. ब्राउन अँड विल्यमसन या कंपनीच्या मुख्य विधिसल्लागाराने 1963 मध्येच, निकोटिन व्यसन लावणारे असून तेच विकणे हा आपला धंदा आहे, अशा आशयाचे अंतर्गत टिपण लिहिले होते. 1988 मध्ये सर्जन जनरल एव्हरेट कूप यांच्या अहवालाने निकोटिन हे व्यसनकारी द्रव्य असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही 14 एप्रिल 1994 रोजी सात अमेरिकी कंपन्यांच्या प्रमुखांनी काँग्रेसच्या उपसमितीपुढे शपथेवर त्याचा इन्कार केला. वरील टिपण उजेडात आले ते त्याच वर्षी.

दरम्यान दोन प्रश्नांची फारकत करण्याचा प्रयत्न दुसऱ्या बाजूने झाला. लंडनचे मायकेल रसेल यांनी 1976 मध्ये असे प्रतिपादन केले की, माणसे निकोटिनासाठी धूम्रपान करतात, परंतु मरतात ती धुरातील टारमुळे. स्वीडनमध्ये ओवे फेर्नो यांनी निकोटिनयुक्त च्युइंगगम तयार केला आणि 1978 मध्ये स्वित्झर्लंडने त्यास औषध म्हणून मान्यता दिली. त्याच्या अनुभवातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. तोंडाच्या अस्तरातून सावकाश शोषले जाणारे निकोटिन सिगारेटीइतके जखडून ठेवत नाही. फुप्फुसांतून काही सेकंदांत मेंदूस पोचणारे ठेवते. द्रव्य एकच, वेग निराळा, म्हणून पकड निराळी.

ई-सिगारेटीचा इतिहास या कसोटीवर वाचावयास हवा. हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकी गृहस्थाने 1963 मध्येच अशा उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. परंतु व्यवहारात ते आले 2003 च्या सुमारास चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांच्यामुळे. आरंभीची उपकरणे निकोटिन फार थोडे व सावकाश देत. 2015 मध्ये बाजारात आलेल्या जूलमध्ये निकोटिनास बेन्झोइक आम्लाची जोड दिलेली होती. त्यामुळे वाफेचा घशास होणारा दाह कमी झाला आणि अधिक निकोटिन सहज ओढता येऊ लागले. युरोपीय संघाची मर्यादा मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम असताना अमेरिकेत जूलच्या द्रवात सुमारे 59 मिलिग्रॅम निकोटिन होते. तेथील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत ई-सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण 2019 मध्ये 27.5 टक्क्यांवर गेले. 2024 पर्यंत ते 7.8 टक्क्यांवर उतरले.

व्यसनासंबंधीचा पुरावा आता पुरेसा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या 2018 च्या अहवालानुसार व्हेपिंगने अवलंबित्वाची लक्षणे उद्भवतात; ती सिगारेटीच्या मानाने सौम्य असण्याचा संभव आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ई-सिगारेट दिलेल्या गटातील 18 टक्के लोक वर्षअखेरीस धूम्रपानमुक्त होते. गम, पट्टी इत्यादी दिलेल्या गटातील 9.9 टक्के. मात्र धूम्रपान सोडलेल्या या लोकांपैकी पहिल्या गटातील 80 टक्के लोक अद्याप ई-सिगारेट ओढत होते आणि दुसऱ्या गटातील केवळ 9 टक्के आपले साधन वापरीत होते. अपायातून सुटका झाली. बंधनातून झाली नाही.

अपायाचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. वाफेत ज्वलन नसल्याने टार व कार्बन मोनॉक्साइड टळतात. परंतु निकोटिनाने नाडीचा वेग व रक्तदाब वाढतो आणि गर्भास हानी पोचते. वाढत्या वयातील मेंदूवरील दुष्परिणामांचा पुरावा बहुतांशी प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेला असला तरी तो दुर्लक्षणीय नव्हे. उलट 2019 मध्ये अमेरिकेत 68 बळी घेणारा फुप्फुसांचा विकार मुख्यतः गांजातील द्रव्याच्या द्रवांत मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटशी निगडित होता; त्याचा दोष निकोटिनास देता येत नाही. तद्वतच व्हेपिंग 95 टक्क्यांनी कमी घातक आहे, हा 2015 मध्ये इंग्लंडच्या आरोग्यखात्याने उचलून धरलेला आकडा मोजमापातून आलेला नाही. तो काही तज्ज्ञांच्या अंदाजातून आलेला आहे. 60 मिलिग्रॅमच्या आकड्याची येथे आठवण व्हावी.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. 2016–17 च्या राष्ट्रीय पाहणीत 21.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे आढळले, तर धूम्रपान करणारे 10.7 टक्के. महाराष्ट्रात तंबाखूचुना, मशेरी व गुटखा यांचा पगडा विडी-सिगारेटीहून मोठा आहे; गुटख्यावर राज्याने 2012 मध्ये बंदी घातली. धूर नाही म्हणून अपाय नाही, हे सूत्र येथे लागू पडत नाही, कारण तोंडाचा कर्करोग तंबाखूतील नायट्रोसामीनांमुळे धुरावाचूनही होतो. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटीचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांस देशभर मनाई केली. विडी, सिगारेट व मशेरी मात्र दुकानात राहिल्या. बंदीचे समर्थक कधीही धूम्रपान न केलेल्या विद्यार्थ्याकडे पाहतात. विरोधक वीस वर्षे विडी ओढलेल्या कामगाराकडे. एकास व्यसनापासून वाचवावयाचे आहे, दुसऱ्यास मृत्यूपासून. दोघांना एकच उत्तर पुरणार नाही.

निकोटिनाचे व्यसन लागते, आणि ते किती लागते हे पोचविण्याच्या वेगावर अवलंबून असते. ते निरुपद्रवी नाही. तथापि सिगारेटीच्या बळींचा मोठा भार ज्वलनावर पडतो. वाफेचा दीर्घकालीन हिशेब मात्र इतक्यात पुरा होणे शक्य नाही. सिगारेट सर्रास झाल्यावर कित्येक दशकांनी, 1950 मध्ये, डॉल व हिल यांनी तिचा कर्करोगाशी असलेला संबंध दाखविला. ई-सिगारेटीस तेवढा काळ अद्याप लोटलेला नाही. तोवर ‘व्यसन’ हा शब्द अपायाचा पर्याय म्हणून वापरणे, अथवा अपाय कमी म्हणून तो टाळणे, ही 1964 चीच चूक पुन्हा करणे होय.