बॉनेटवरचे नाव

आमच्या नाशिककडच्या द्राक्षबागांत ‘मित्सुबिशी शक्ती’ हा छोटा ट्रॅक्टर परिचयाचा. बनवणारी कंपनी बेंगळुरूची व्हीएसटी, तंत्र जपानी. पुढे बॉनेटवर ‘व्हीएसटी शक्ती’ एवढेच उरले. या बदललेल्या नावाचा माग काढताना मी जपानी छोट्या ट्रॅक्टरांच्या इतिहासात शिरलो.

भातखाचरांच्या देशातली ही यंत्रे १९७०च्या दशकात अमेरिकेत पोहोचली, ती अनेकदा उसन्या नावांनी. फोर्डचा छोटा ट्रॅक्टर शिबाउरा बनवी, जॉन डिअरचा यानमार, बोलेन्सचा इसेकी. सातोह स्वतःच्या नावाने गेली, पण १९८०मध्ये मित्सुबिशीच्या शेतीयंत्र व्यवसायात विलीन झाली. १९८५च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला. स्वस्ताईचा आधार डळमळला. १९९१मध्ये फोर्डचा ट्रॅक्टर-व्यवसाय फियाटकडे गेला आणि काही वर्षांत ट्रॅक्टरवरून फोर्ड हे नावच नाहीसे झाले.

कंपनीच्या दप्तरी याला विलीनीकरण म्हणतात. शेतकऱ्याच्या वाट्याला, मग तो नाशिकचा असो वा ओहायोचा, सुट्या भागांसाठी हेलपाटे येतात. म्हणून जुना ट्रॅक्टर दिसला, की मी आधी बॉनेट उघडून इंजिनावरचे नाव वाचतो. भाग शोधायचा तो त्याच नावाने.