कापलं की वाढतं! घरच्या रीफ टँकमध्ये पसरत सुटलेल्या सॉफ्ट कोरलला आवरायचं कसं?

शेतात कुंदा, हरळी किंवा लव्हाळा लागला की काय होतं, हे दिग्रसच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. वरून डवरा फिरवला की रान स्वच्छ दिसतं. पण जमिनीतल्या गाठी आणि तुकडे जिवंत राहतात. पंधरा दिवसांत एका झाडाच्या जागी चार झाडं उभी असतात. कापलं म्हणून संपत नाही, उलट कापलं म्हणून वाढतं.

नेमकी हीच गोष्ट समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, घरातल्या काचेच्या टाकीत घडते. तिथं लव्हाळ्याच्या जागी असतं सॉफ्ट कोरल, म्हणजेच मऊ प्रवाळ.

खाऱ्या पाण्याचे टँक आता फक्त मुंबई-पुण्यात राहिलेले नाहीत. मीठ, लाइट, पंप सगळं ऑनलाइन मिळतं, त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातही रीफ टँक लावता येतो. सुरुवातीला दुकानदार सल्ला देतो, "सॉफ्ट कोरल घ्या, मरत नाही." सल्ला खरा असतो. फक्त ते मरत नाही याचा दुसरा अर्थ सहा महिन्यांनी कळतो, जेव्हा अख्खा खडक त्याच्याखाली गेलेला असतो.

हे मऊ प्रवाळ म्हणजे नेमकं काय?

प्रवाळ ही वनस्पती नाही, तो प्राणी आहे. पॉलिप नावाचे छोटे छोटे जीव एकत्र राहून वसाहत करतात. कठीण प्रवाळ आपल्याभोवती चुनखडीचा सांगाडा बांधतात आणि त्यातूनच समुद्रातली प्रवाळ बेटं उभी राहतात. मऊ प्रवाळ असा सलग दगडी सांगाडा बांधत नाहीत. त्यांच्या अंगात चुन्याचे फक्त बारीक कण असतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे त्यांच्या प्रत्येक पॉलिपला आठ झालरदार हात असतात.

सांगाडा बांधायचा खर्च नाही, त्यामुळे सगळी ताकद पसरण्यात जाते. शिवाय यातल्या अनेकांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करून प्रवाळाला देतं. म्हणजे टाकीत चांगला लाइट आणि थोडं खत मिळालं की काम झालं.

सगळ्यात जास्त पसरणारे कोणते?

पहिला नंबर ग्रीन स्टार पॉलिपचा. जांभळ्या रंगाची चटई आणि तिच्यावर हिरव्या चांदण्या. ही चटई खडकावरून सरकत मागच्या काचेवरही चढते.

दुसरा झेनिया. याचे पॉलिप मुठीसारखे सतत उघडमीट करतात, म्हणून नवशिक्यांना तो फार आवडतो. तो खडकावर अक्षरशः सरकत जातो आणि मागे पिल्लं सोडतो.

तिसरा केनिया ट्री. हा आपल्या फांद्या स्वतःच तोडून टाकतो. फांदी प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि जिथं अडकेल तिथं नवीन झाड होतं. क्लोव्ह पॉलिप वेलीसारखी मुळं सोडत पुढं जातात.

याच यादीत मशरूम आणि झोअँथिड यांचीही नावं घेतली जातात. शास्त्रीयदृष्ट्या ते खरे मऊ प्रवाळ नाहीत, पण बाजारात त्याच रांगेत विकले जातात. यातला झोअँथिड नीट ओळखता येणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. कारण पुढं येईलच.

पसरला तर बिघडतं काय? दिसतोय की छान!

टाकीत जागा मर्यादित असते. मऊ प्रवाळ शेजाऱ्यावर चढला की त्याचा प्रकाश अडतो, प्रवाह अडतो आणि कठीण प्रवाळ हळूहळू गुदमरतो. काही मऊ प्रवाळ, विशेषतः लेदर कोरल, पाण्यात अशी रसायनं सोडतात की जवळ न जाताही शेजाऱ्याची वाढ खुंटते.

दुसरा धोका म्हणजे झेनिया कधीकधी काही दिवसांत एकदम कोसळतो. अर्धी टाकी त्यानंच भरलेली असेल, तर सडणाऱ्या मांसामुळे पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासेही जातात.

विदर्भाच्या उन्हाळ्याचा काय संबंध?

रीफ टँकचं पाणी साधारण २४ ते २७ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात लाइट गेली की पंप बंद. तापमान ३० च्या वर टिकून राहिलं की नाजूक कठीण प्रवाळ आधी मान टाकतात. त्यांचा पांढरा सांगाडा उघडा पडतो आणि ही मोकळी जागा शेजारचा ग्रीन स्टार पॉलिप बळकावतो. म्हणजे पसरणं थांबवायचं असेल तर आधी बाकीचे प्रवाळ जगवावे लागतात.

यात विदर्भाची कोरडी हवा कामाला येते. घरातला कूलर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर पाण्याच्या पृष्ठभागावर सोडलेला छोटा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी उतरवू शकतो. मात्र पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. त्यामुळे उडालेल्या पाण्याची भरपाई रोज शुद्ध गोड्या पाण्यानं करायची, खाऱ्या पाण्यानं नाही. क्षारता ३५ च्या आसपास, म्हणजे हायड्रोमीटरवर १.०२५ ते १.०२६ राहिली पाहिजे. प्रवाह देणारा एक तरी पंप इन्व्हर्टरवर असावा.

मग आवरायचं कसं?

१. बेट करा. सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय हाच. पसरणारं कोरल मुख्य खडकावर कधीच चिकटवायचं नाही. त्याला वेगळा दगड द्यायचा आणि तो वाळूत, बाकी खडकांपासून आणि काचेपासून हातभर लांब ठेवायचा. चटईसारख्या प्रवाळांना उघडी वाळू सहसा ओलांडता येत नाही. केनिया ट्रीसाठी मात्र एवढं पुरत नाही, त्याच्या गळालेल्या फांद्या दर आठवड्याला वेचाव्याच लागतात.

२. खत कमी करा. जास्त खाद्य म्हणजे पाण्यात जास्त नायट्रेट आणि फॉस्फेट. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच खाद्य द्यायचं, स्किमर नीट चालवायचा, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं. नायट्रेट शून्यावर नेण्याचा हट्ट नको, त्यात कठीण प्रवाळच आधी उपाशी मरतात. या उपायानं पसरण्याचा वेग कमी होतो, आलेलं कोरल जात नाही.

३. दगडासकट काढा. कोरल खरवडण्याऐवजी ज्या दगडावर ते आहे तो दगडच बाहेर घ्यायचा. मोठा खडक असेल तर छिन्नीनं त्याचा वरचा पापुद्रा कोरलसकट उडवायचा. ग्रीन स्टार पॉलिपची चटई कडेला सुटलेली असेल तर एका बाजूनं धरून गालिच्यासारखी ओढून काढता येते. हे काम टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत, कोरल पाण्याखाली ठेवून करायचं.

४. टाकीतच काढावं लागलं तर आधी सगळे पंप बंद. एका हातात पातं आणि दुसऱ्या हातात सायफनची नळी. सुटलेला तुकडा तिथल्या तिथं नळीनं ओढला गेला पाहिजे आणि नळीचं दुसरं टोक बारीक गाळणीत असलं पाहिजे. इथं घाई केली की डवऱ्यानं लव्हाळा कापल्यासारखं होतं. काम झाल्यावर नवीन अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावायचा आणि १५ ते २० टक्के पाणी बदलायचं, कारण जखमी प्रवाळ पाण्यात रसायनं सोडतात.

५. उरलेले ठिपके झाका. खडकाच्या फटीत राहिलेल्या एखाद्या पॉलिपवर जेल स्वरूपातला सुपर ग्लू किंवा रीफसाठीची इपॉक्सी पुटी लावून तो बंद करता येतो. प्रकाश आणि पाणी तुटलं की पॉलिप मरतो. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे विझवलेल्या चुन्याची, घट्ट पेस्टही वापरतात. पण चुन्यानं पाण्याचा सामू झपाट्यानं वाढतो, म्हणून एका वेळी दोन-तीन ठिपकेच. पानटपरीवरचा चुना यासाठी चालत नाही, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते.

६. माशांवर भिस्त नको. काही फुलपाखरू मासे कोरल खातात हे खरं. पण नको तेच खातील याची हमी कोणी देत नाही. बऱ्याचदा महागाचं कोरल संपतं आणि झेनिया तसाच राहतो.

एक चूक जिवावर बेतू शकते

झोअँथिड आणि त्यांच्या जवळचे पॅलिथोआ यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. निसर्गात सापडणाऱ्या सर्वात जहाल विषांपैकी हे एक. १९७१ मध्ये हवाईच्या शास्त्रज्ञांनी ते प्रथम वेगळं केलं. ते डोळ्यांतून, जखमेतून आणि वाफेबरोबर श्वासातूनही शरीरात जाऊ शकतं.

मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हंटन गावात एका घरात टाकी साफ करताना हे विष हवेत पसरलं. घरातले सहा आणि मदतीला आलेले चार अग्निशमन जवान अशा दहा जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. अमेरिकेतल्या अलास्का राज्यातही २०१२ ते २०१४ दरम्यान दुकानात आणि घरात असे प्रकार नोंदले गेले.

म्हणून काही गोष्टी कधीच करायच्या नाहीत. कोरल असलेला दगड उकळायचा नाही, त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नाही. कोरडा ब्रश घासायचा नाही आणि जोराच्या फवाऱ्यानं धुवायचा नाही. या सगळ्यात विष वाफेत किंवा तुषारात मिसळतं.

काम करताना रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला मास्क हवा. हाताला जखम असेल तर काम पुढं ढकलायचं. खिडक्या उघड्या, लहान मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत. काढलेलं कोरल, भांडी आणि ब्रश घराबाहेर, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात किमान अर्धा तास बुडवून ठेवायचे. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात मिसळायचं नाही. ब्लीच लागलेली कोणतीही वस्तू पुन्हा टाकीत घालायची नाही.

तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव येणं, थंडी-ताप, खोकला, धाप लागणं, स्नायू दुखणं, डोळ्यांची आग ही लक्षणं दिसली तर लगेच सगळ्यांनी घराबाहेर पडून रुग्णालय गाठायचं. या विषावर उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. डॉक्टरांना "मत्स्यालयातलं कोरल साफ करत होतो, पॅलिटॉक्सिनची शक्यता आहे" हे आपणहून सांगायचं. समुद्रापासून एवढ्या लांब कोणाच्या मनात ही शंका येणार नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून प्रवाळांना संरक्षण आहे. त्यात सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सी फॅन येतात. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. यातले ऑर्गन पाइप आणि सी फॅन तर मऊ प्रवाळांच्याच आठ हातांच्या कुळातले. त्यामुळे "सॉफ्ट कोरल आहे म्हणजे चालतं" हे दरवेळी खरं नसतं. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

कायदा किती कडक आहे याचं उदाहरण मुंबईत आहे. कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावर प्रवाळांच्या १८ छोट्या वसाहती आड आल्या. त्या हलवण्यासाठी महापालिकेला वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीनं त्यांचं स्थलांतर झालं.

म्हणून भारतीय समुद्रातून काढलेलं कोरल किंवा लाइव्ह रॉक घ्यायचंच नाही. आयात केलेलं असेल तर बिल आणि आयातीची कागदपत्रं मागून घ्यायची. शंका असेल तर वन विभागाच्या कार्यालयात विचारायचं.

नको झालेलं कोरल टाकायचं कुठं?

दिग्रसजवळच्या अरुणावतीत टाकलं तर खाऱ्या पाण्यातलं हे प्रवाळ गोड्या पाण्यात मरेल. पण पुढं कोकणात फिरायला जाताना "समुद्रात सोडून देऊ, पुण्य लागेल" असा विचार करणं सगळ्यात धोक्याचं.

व्हेनेझुएलाच्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानात तेच झालं. इंडोनेशियाकडचं, झेनियासारखं दिसणारं उनोमिया नावाचं मऊ प्रवाळ मत्स्यालयाच्या व्यापारातून तिथं पोचलं आणि त्यानं समुद्राचा तळ, तिथले मूळ प्रवाळ आणि समुद्री गवत झाकून टाकलं. २०२० मध्ये तेच हवाईच्या पर्ल हार्बरमध्येही सापडलं. गोड्या पाण्यात हाच धडा आपल्याकडं सकर माशानं दिला आहे. शोभेच्या टाकीतला हा मासा उजनी धरणात पोचला आणि मच्छीमारांच्या जाळ्यात नको तेवढा येऊ लागला.

त्यामुळे जास्तीचं कोरल ओळखीच्या, खाऱ्या पाण्याचा टँक असलेल्या माणसाला द्यायचं किंवा दुकानदाराला परत करायचं. तेही जमलं नाही तर ब्लीचमध्ये बुडवून, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकायचं. नाला, नदी, तलाव आणि समुद्र या चारही जागा वर्ज्य.

थोडक्यात सांगायचं तर पसरणारं कोरल वाईट नाही, त्याची जागा चुकलेली असते. आणायच्या आधी त्याचं नाव विचारायचं, झोअँथिड तर नाही ना हे पाहायचं आणि पहिल्याच दिवशी त्याला वेगळा दगड द्यायचा. शेतात लव्हाळ्याच्या बाबतीत जुनी माणसं हेच सांगतात. पहिली गाठ दिसली तेव्हाच मुळासकट काढा, नंतर वर्षभर डवरत बसावं लागतं.