सापळ्याची दोरी, कॅमेऱ्याची तार

नागपूरच्या ज्या मुलांचे बालपण अजबबंगल्याच्या आसपास गेले, त्यांना पेंढा भरलेल्या जनावरांची पहिली भेट सहसा विसरता येत नाही. मोठ्या जनावरांपुढे मुलांची दाटी होई. कोपऱ्यातील लहानशा प्राण्यापुढे मात्र कोणी थांबत नसे. माझे पाय तिथेच का रेंगाळत हे तेव्हा कळत नव्हते. आज एवढे कळते, की त्या काचेच्या डोळ्यांच्या जीवाने रानात क्षणभर कसे वळून पाहिले असेल, ते मी शोधत होतो, आणि तेच तिथे नव्हते.

अजबबंगल्याची स्थापना १८६३ ची. मी ज्या भिलाईत हे लिहीत आहे, तो छत्तीसगडचा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर ही त्याची प्रांतिक राजधानी होती. तेव्हा येथल्या रानातील जीवांचा लेखी इतिहास पाहू गेल्यास वाट नागपूर-मुंबईवरूनच जाते. त्या वाटेवर पहिल्याने भेटतात ते आपल्यासारखेच बदलीवर आलेले सरकारी नोकर. शिवनीच्या रानांवर लिहिणारा रॉबर्ट स्टर्नडेल हा मध्यप्रांताच्या कारभारातला अधिकारी. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली तेव्हा तो तिच्या संस्थापकांपैकी एक होता, आणि पुढल्याच वर्षी त्याने हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

या सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांची जी मोठी पाहणी आरंभिली, तिचा पहिला अहवाल खानदेशाचा होता, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसते. क्रम्प नावाचा संग्राहक खानदेशात फिरला आणि त्याने उंदीर, चिचुंद्री, वटवाघुळे यांसारखे जीव गोळा केले. पद्धत साधी होती. सापळा लावायचा, सापडलेला जीव मारायचा, शेपटीची, कानाची, पावलाची मापे घ्यायची, कातडे सोलून भरायचे, कवटी साफ करायची आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, आणि गोळा करणाऱ्याचे नाव. कचेरीत दिवसभर आवक-जावक लिहिणाऱ्या मला या चिठ्ठीविषयी एक प्रकारची आपुलकी वाटते. तिला हिणवण्याचे कारण नाही. या कातड्यांवाचून कित्येक जातींना आज नावसुद्धा नसते. परंतु लहान जीवाला ज्ञानाच्या दारात शिरायला एकच वाट मोकळी होती, आणि ती मरणावरून जात होती, हेही खरेच.

मग कॅमेरा का आला नाही? कॅमेरा होता, पण लहान प्राणी त्याच्या कामाचा नव्हता. त्या काळच्या काचा मंद, भिंगे मंद, आणि हे जीव बहुतेक निशाचर. वाघ निदान वाटेवरून चालतो. उदमांजर फांदीवरून जाते, चिचुंद्री भिंतीच्या कडेने सरकते, खवले मांजर बिळाबाहेर येते ते रात्री. शिवाय जीव लहान म्हणजे जवळ जाणे आले, आणि जवळ गेल्यावर तो राहील कशाला? माणसाची चाहूल त्याला माणसाच्या कितीतरी आधी लागते. म्हणजे जिथे माणूस असेल तिथे चित्र नाही, आणि चित्र हवे असेल तर माणसाने तिथे असता कामा नये, असा हा पेच होता.

तो सोडवण्याची युक्ती पारध्यांच्या फासातच होती. अमेरिकेत जॉर्ज शायरस या वकिलाने तळ्यात रात्री नावेतून फिरून दिव्याच्या झोतात हरणांची चित्रे घेतली, आणि पुढे जनावराच्याच धक्क्याने कॅमेरा चालावा अशी दोरीही लावली. नॅशनल जिओग्राफिक मासिकाच्या जुलै १९०६ च्या अंकात त्याची ७४ छायाचित्रे एकदम छापली गेली. आपल्याकडे ही विद्या आणली ती फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन याने. हाही सरकारी नोकर, संयुक्त प्रांताच्या जंगलखात्यातला. बंदुकीने जनावर मारण्यात त्याला गोडी नव्हती, आणि शिकार हे साहेबीपणाचे लक्षण मानले जाण्याच्या त्या दिवसांत ही आवड-निवड लहानसहान नव्हे. वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे, आडवी ताणलेली बारीक तार, आणि मॅग्नेशियमची भुकटी. जनावराचा पाय तारेला लागला की भुकटी भडके, काच उजळे आणि पुन्हा अंधार. मांडलेल्या कॅमेऱ्याला रात्रीतून एकच संधी! ऑक्टोबर १९२५ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने त्याचे वाघ जगाला दाखवले, १९२७ आणि १९३४ साली त्याची दोन पुस्तके निघाली.

चॅम्पियनची कीर्ती वाघांमुळे झाली. मला त्याच्या कामात मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. वाघासाठी तार ताणली तरी तिच्यावर पाय कोणाचा पडावा, हे माणसाच्या हाती नव्हते. साळिंदर आले, रानमांजर आले, तरी भुकटी तितकीच जळे. शिकाऱ्याच्या दृष्टीने ती रात्र फुकट गेलेली. चॅम्पियनने मात्र अशा पाहुण्यांना आपल्या पुस्तकांत जागा दिली. माणसाने निवड सोडली तेव्हा लहान जीव चित्रात आला, हे माझ्या समजुतीप्रमाणे या साऱ्या इतिहासाचे मर्म आहे.

मधली वर्षे भराभर ओलांडता येतील. फिल्म वेगवान झाली, भुकटीच्या जागी बल्ब आला, तारेच्या जागी अदृश्य किरण आला. उल्हास कारंत यांनी १९९० नंतरच्या दशकात नागरहोळेत अशा कॅमेऱ्यांनी वाघ मोजले, आणि ती रीत देशभर रुजली. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ जागी कॅमेरे लावले गेले. वन्यजीवांची ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली. त्यांत वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७. हिशेब ही माझी रोजची भाकरी आहे म्हणून सांगतो : दोन्ही मिळून शेकडा अर्धेही भरत नाहीत. उरलेल्या ढिगात तुमची-आमची सारी दुर्लक्षित मंडळी आली. चॅम्पियनची फुकट गेलेली रात्र येथे कोट्यवधींनी मोजावी लागते. त्या ढिगाकडे आता कोठे लक्ष जाऊ लागले आहे. २०२५ साली छोट्या मांजरांवर स्वतंत्र सरकारी अहवालही निघाला.

ढिगात काय लपलेले असते याचा एक दाखला आपल्या शेजारचाच आहे. युरेशियन पाणमांजर हिमालयाच्या पायथ्याशी, ईशान्येस आणि पश्चिम घाटात आढळते, असे धरले जाई. २०१६ साली सातपुडा व्याघ्रप्रकल्पात आणि बालाघाटच्या जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांतून ते मध्य भारतातही असल्याचा छायाचित्रांचा पुरावा पुढे आला. बालाघाट म्हणजे आमच्या गोंदियाच्या पलीकडचे. कोणी सापळा लावला नाही, कोणाचे कातडे भरले गेले नाही, आणि तरी नोंद झाली.

हे सारे वाचून मलाही बुद्धी झाली. भिलाईचे नाव घेताच लोकांना १९५५ चा सोव्हिएत करार आणि भट्ट्या आठवतात. पण येथल्या सेक्टरांतली झाडे आता वयात आली आहेत. आमच्या क्वार्टरच्या मागल्या कुंपणभिंतीवरून रात्री अकराच्या सुमारास एक उदमांजर आंब्याकडे जाई. त्याची वाट ठरलेली, वेळही जवळजवळ ठरलेली. मी जुना कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन न्हाणीच्या दाराआड बसू लागलो. सौभाग्यवतींनी दोन दिवस चेष्टा केली आणि तिसऱ्या दिवशी चहा आणून दिला.

सहाव्या रात्री ते आले. मी बटण दाबले. लख्ख उजेड पडला, आणि तो जीव भिंतीवरून पलीकडे कोसळल्याचा आवाज झाला. त्याच्यामागे काही अंतरावर एक पिल्लू होते, हे मी तेव्हा पाहिलेच नव्हते. ते भिंतीवर तसेच खिळून राहिले. त्याला किती वेळ काही दिसले नसेल कोण जाणे. मग चिरकत ते आल्या वाटेने माघारी गेले. मादी तासाभराने भिंतीपलीकडे हुंगत फिरताना दिसली. मी न्हाणीतला दिवा मालवून आत गेलो. झोप आली नाही. त्यानंतर सात आठवडे त्या भिंतीवर कोणी फिरकले नाही. मारल्यावाचून चित्र मिळते, एवढ्यावर मी निर्धास्त झालो होतो. चॅम्पियनच्या भडक्यालाही हाच प्रश्न विचारता आला असता, आणि मी तो त्याची पुस्तके वाचताना विचारला नव्हता.

पुढे फ्लॅश पेटीत गेला. किरणावर चालणारा, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा एक स्वस्त कॅमेरा मी कुंपणाच्या खांबाला बांधला आणि महिनाभर तिकडे गेलो नाही. त्यात मुंगसे निघाली, शेजाऱ्यांची मांजर निघाली, एकदा मीच निघालो. फेब्रुवारीतल्या एका चित्रात भिंतीच्या टोकाला लांब शेपूट आणि मागल्या पायाचा पंजा एवढेच आहे. बाकीचे अंग चौकटीबाहेर गेलेले. ते छापून घेतले आणि मागे चिठ्ठी डकवली : उदमांजर, भिलाई, जिल्हा दुर्ग, रात्री ११ वाजून २० मिनिटे. नर की मादी, हा रकाना कोरा ठेवला आहे.